‘बाशा’चा रिक्षावाला खरोखर सामान्य होता काय?

मद्रासमधील एका साध्या वस्तीत एका रिक्षाचालकाला विजेच्या खांबाला बांधण्यात आले आहे. त्या भागातील गुंड सर्वांदेखत त्याला मारहाण करीत आहे. आई, भावंडे आणि शेजारीपाजारी हतबल होऊन पाहत आहेत. मार खाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र भीतीचा लवलेशही नाही. तो हात उचलत नाही की दयेची याचनाही करीत नाही. आपल्या पोलीस भावाच्या वाट्याला येणारा मार त्याने स्वतःवर ओढवून घेतला आहे आणि तो संपण्याची तो वाट पाहत आहे.

जानेवारी १९९५ मध्ये पोंगलच्या सुमारास प्रदर्शित झालेल्या ‘बाशा’ या तामीळ चित्रपटातील हा प्रसंग. रजनीकांतसारख्या नायकाने असा मुकाट्याने मार खावा, हे चाहत्यांना रुचणार नाही, अशी धास्ती निर्माते आर. एम. वीरप्पन यांना वाटत होती. दिग्दर्शक सुरेश कृष्णा आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि हाच प्रसंग चित्रपटाचा कणा ठरला. तीस वर्षे उलटून गेल्यानंतरही तामीळ चित्रपटात एखादा साधासुधा माणूस संघटित गुन्हेगारीच्या विरोधात उभा राहिला, की त्याची तुलना प्रथम ‘बाशा’शी होते. संवाद, संगीत आणि नायकाची चालण्याबोलण्याची ढब ही त्या लोकप्रियतेची उघड दिसणारी कारणे होत. त्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते प्रेक्षकांच्या मनातील भीतीशी निगडित आहे.

दोन नावांचा माणूस

‘बाशा’चे कथानक तसे सरळ आहे. माणिक्कम हा मद्रासमध्ये रिक्षा चालवून आई, भाऊ आणि दोन बहिणींचा संसार चालवितो. भावाला पोलीस खात्यात नोकरी लागावी, बहिणींची लग्ने व शिक्षण व्हावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा आहे. कोणी भांडण उकरून काढले तर तो हात जोडून बाजूला होतो. मात्र अधूनमधून त्याच्या वागण्यात काहीतरी विसंगत जाणवते. बहिणीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश देण्याच्या बदल्यात संस्थेचा प्रमुख घृणास्पद मागणी करतो, तेव्हा माणिक्कम त्याच्याशी बंद दालनात एकट्याने बोलतो. काचेपलीकडचे त्याचे शब्द बहिणीला ऐकू येत नाहीत. दिसते ती केवळ समोरच्या माणसाची बदलत जाणारी मुद्रा. प्रवेश तत्काळ मिळतो. ‘काय सांगितलेस?’ या बहिणीच्या प्रश्नावर ‘खरे ते सांगितले’ एवढेच उत्तर मिळते.

हे ‘खरे’ काय, याचा उलगडा पुढे होतो. वस्तीतील गुंडांचा हात बहिणीपर्यंत पोहोचतो, तेव्हा माणिक्कमचा संयम सुटतो आणि त्याच्या पूर्वायुष्याचे दार उघडते. एके काळी तो मुंबईत होता. मार्क अँटनी या गुंडसम्राटाच्या माणसांनी चालविलेल्या जुलमाला त्याच्या जिवलग मित्राने, अन्वरने, विरोध केला. त्याची किंमत अन्वरला प्राण देऊन मोजावी लागली. माणिक्कमचे वडील अँटनीच्या पदरी विश्वासू नोकर असल्यामुळे माणिक्कम तेवढा वाचला. मित्राच्या खुनाचा सूड घेताना तो स्वतःच ‘माणिक बाशा’ नावाचा दादा बनला. अँटनीला त्याने गजाआड पाठविले, परंतु त्यापायी वडील गमावले. शांततेने जगण्याची त्यांची अखेरची इच्छा पाळण्यासाठी स्वतःच्या मृत्यूचा बनाव रचून तो मद्रासला आला आणि रिक्षाचालक झाला.

येथे एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. ‘बाशा’ हे नाव नायकाचे नाही. ते मारल्या गेलेल्या मुसलमान मित्राचे आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईची दंगल व मार्च १९९३ मधील बॉम्बस्फोट यांना अवघी दोन वर्षे लोटली होती. अशा वेळी मुंबईत घडणाऱ्या कथेतील हिंदू नायक मृत मुस्लिम मित्राचे नाव आयुष्यभर मिरवितो, ही तपशिलाची बाब नव्हती. चित्रपटाने त्यावर भाष्य केले नाही, भाषणे दिली नाहीत. कोट्यवधी प्रेक्षकांनी मात्र ते नाव आनंदाने उच्चारले.

कथाबीजाचा प्रवासही मुंबईतूनच झाला. मुकुल आनंद दिग्दर्शित ‘हम’ या १९९१ सालच्या हिंदी चित्रपटात अमिताभ बच्चन, रजनीकांत आणि गोविंदा यांनी भावांच्या भूमिका केल्या होत्या. मुंबईच्या गोदीतील ‘टायगर’ ओळख बदलून उटकमंडला सभ्य गृहस्थाचे जीवन जगतो, हे त्याचे कथासूत्र. त्या चित्रपटाच्या चर्चेत भावाच्या प्रवेशासंबंधी एक प्रसंग सुचला होता, पण तो चित्रित झाला नाही. रजनीकांत यांच्या मनात तो घर करून राहिला आणि त्याभोवती ‘बाशा’ची गुंफण झाली, असे सुरेश कृष्णा यांनी नंतर आपल्या आठवणींत नमूद केले आहे. काचेच्या दालनातील प्रसंगाचे मूळ ते हेच.

रिक्षाच का?

माणिक्कमचा व्यवसाय योगायोगाने निवडलेला नाही. ‘बाशा’ची निर्मिती करणाऱ्या सत्या मूव्हीज या संस्थेनेच १९७१ मध्ये ‘रिक्षाक्कारन’ हा चित्रपट काढला होता. गुन्हेगारांशी दोन हात करणाऱ्या सायकलरिक्षावाल्याची त्यातील भूमिका एम. जी. रामचंद्रन यांनी केली आणि त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नावाडी, कोळी, शेतकरी, रिक्षावाला अशा कष्टकऱ्यांच्या भूमिकांतून एमजीआर यांनी जी प्रतिमा उभी केली, तिच्या बळावर ते १९७७ मध्ये तामीळनाडूचे मुख्यमंत्री झाले. आर. एम. वीरप्पन हे त्यांचे निकटचे सहकारी होते. कष्टकऱ्याच्या वेशातील नायक किती दूरवर जाऊ शकतो, हे त्यांच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल.

रजनीकांत यांच्या बाबतीत या प्रतिमेला प्रत्यक्ष आयुष्याचा आधारही होता. मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूतील मराठी कुटुंबात जन्मलेले. वडील पोलीस शिपाई, तर स्वतः शिवाजीराव शहराच्या बससेवेत वाहक. घरात एक खाकी गणवेश होताच, नंतर अंगावरही खाकी चढली. १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या चित्रपटातून पदार्पण केल्यावरही बसमधील तिकिटे फाडणाऱ्या तरुणाची कहाणी त्यांच्या कीर्तीपासून कधी वेगळी झाली नाही. १९९२ च्या ‘अण्णामलै’मध्ये, तोही सुरेश कृष्णा यांचाच चित्रपट, ते दूधवाले झाले होते. त्यामुळे माणिक्कम खाकी सदरा घालून रिक्षात बसला, तेव्हा प्रेक्षकांना तो वेशांतर केलेला नट वाटला नाही.

रिक्षाचालक हा शहरी जीवनातील एक विलक्षण घटक आहे. तो सर्वांना भेटतो, पण त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. वाहतूक पोलिसापासून गल्लीतल्या दादापर्यंत प्रत्येकजण त्याला दमात घेऊ शकतो. संघटित गुन्हेगारीचा खालच्या थराचा जाच म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ‘बाशा’तील आरंभीचे गीत आयुधपूजेच्या दिवशी सजविलेल्या रिक्षांच्या गर्दीत घडते आणि रिक्षाचालकाच्या सेवाभावाचे गुणगान करते. तामीळनाडूतील रिक्षाचालकांनी ते आपले मानले, यात नवल नाही.

भीतीचा व्यापार

एकटा चोर आणि संघटित टोळी यांत मूलभूत फरक आहे. चोर एकदा लुटतो आणि पळून जातो. टोळी कोठेही पळून जात नाही. ती त्याच रस्त्यावर उजळ माथ्याने वावरते, ठरावीक दिवशी हप्ता घेते, तंटे सोडविते, घरे रिकामी करून देते. तिचे भांडवल शस्त्र हे नसून भीती हे असते. शस्त्र एकदा वापरले की पुढे दहा ठिकाणी ते नुसते आठवले तरी पुरते. म्हणूनच मारहाण भर वस्तीत, सर्वांदेखत केली जाते. खांबाला बांधलेला माणिक्कम हा अशा जाहीर शिक्षेचा नमुना आहे. त्यातून माणिक्कमला जेवढा धडा द्यायचा असतो, त्याहून अधिक पाहणाऱ्यांना द्यायचा असतो.

कायद्यालाही हे वास्तव ओळखावे लागले आहे. महाराष्ट्रात १९८१ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांच्या विरोधात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला. तामीळनाडूने १९८२ मध्ये त्याच धर्तीचा कायदा केला. तो तेथे ‘गुंडा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. खटला चालवून शिक्षा देण्याऐवजी आधीच अटकावून ठेवण्याची तरतूद का करावी लागली? अशा गुंडांच्या विरोधात उघडपणे साक्ष देण्यास कोणी पुढे येत नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण. महाराष्ट्रातील स्थानबद्धतेच्या आदेशांत अनेकदा गोपनीय जबाब जोडलेले असतात. त्यांत जबाब देणाऱ्याचे नाव नसते, केवळ साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’ असा उल्लेख असतो. वस्तीत राहणारा, दुकान चालविणारा, रिक्षा हाकणारा नागरिक कायद्याच्या कागदावर एका अक्षरापुरता उरतो.

पुढे १९९९ मध्ये महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच ‘मोक्का’, आणला. हिंसेच्या वा धाकाच्या जोरावर आर्थिक लाभासाठी टोळीने सातत्याने चालविलेले बेकायदा कृत्य, असा संघटित गुन्ह्याचा गाभा त्यात सांगितला आहे आणि मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असण्याची अटही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्ह्यासाठी देशपातळीवर स्वतंत्र कलम आले. कायदे कडक होत गेले, तरी साक्षीदाराच्या मनातील प्रश्न बदललेला नाही. न्यायालयातून घरी परतल्यावर माझ्या दारात कोण उभे असेल, हा तो प्रश्न होय.

‘बाशा’ या प्रश्नाला सोपे आणि आकर्षक उत्तर देतो. तुमच्या दारात बाशा उभा असेल, असे तो सांगतो. रोज ज्याच्या रिक्षात आपण बसतो तो मुकाट माणूस कदाचित गुंडांचाही थरकाप उडविणारा असेल, ही कल्पना दुर्बळांना मोठा दिलासा देते. खांबाला बांधलेल्या माणिक्कमला पाहून प्रेक्षक रडत नाहीत, ते वाट पाहतात. मारणाऱ्याला आपण कोणाला मारीत आहोत हे ठाऊक नाही आणि प्रेक्षकाला ते उमगू लागले आहे. आयुष्यभर ज्याने अपमान गिळला, त्याच्यासाठी ही काही मिनिटे अमूल्य असतात.

येथेच शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर मिळते. माणिक्कम सामान्य नाही. तो सामान्य माणसाचे सोंग घेतलेला असामान्य माणूस आहे. साधा रिक्षाचालक म्हणून तो एकही लढाई जिंकत नाही; जिंकतो तो दुसऱ्या नावाने. बहिणीचा प्रवेश नियमाने मिळत नाही, दहशतीने मिळतो, फरक एवढाच की ही दहशत आपल्या बाजूची असते. गुंडाला वठणीवर आणण्यासाठी त्याहून मोठा गुंड हवा, हे या कथेचे न उच्चारलेले गृहीतक आहे.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगावयास हवी. बाशाच्या यशाची किंमत तो लपवीत नाही. मित्र गेला, वडील गेले, नाव पुसले गेले, तारुण्याची वर्षे दहशतीच्या सावलीत गेली. आणि अखेरीस मार्क अँटनीचा अंत बाशाच्या हातून होत नाही; त्याच्यावर गोळी झाडतो तो माणिक्कमचा पोलीस भाऊ. दादाने लढविलेल्या लढाईवर कायद्याचा शिक्का उमटावा, ही पटकथेची धडपड लक्षणीय आहे. मार्क अँटनीची भूमिका करणारे रघुवरन यांनी आरडाओरडा टाळून, थंड आवाजात साकारलेला खलनायक हाही चित्रपटाच्या वजनाचा एक भाग होता.

तामीळ पडद्यावरची मुंबई

मराठी वाचकाला साहजिकच असा प्रश्न पडेल, की मद्रासच्या माणसाचे काळे पूर्वायुष्य मुंबईतच का? याला इतिहास आहे. पोटासाठी मुंबईत आलेल्या तामीळ कष्टकऱ्यांनी धारावी, माटुंगा, शीव, वडाळा या परिसरात आपले जग वसविले. माटुंग्याच्या अरोरा चित्रपटगृहात अनेक वर्षे तामीळ चित्रपट लागत आणि रजनीकांत यांच्या नव्या चित्रपटाच्या दिवशी तेथे सणाचे वातावरण असे. याच जगातून वरदराजन मुदलियार हा दादा पुढे आला. बेकायदा दारूच्या धंद्यातून त्याने साम्राज्य उभारले. माटुंगा स्थानकाजवळील त्याचा गणेशोत्सव त्या काळी भव्य म्हणून प्रसिद्ध होता. पोलिसांचा फास आवळल्यावर त्याने मुंबई सोडली आणि १९८८ मध्ये मद्रास येथे त्याचे निधन झाले. मणिरत्नम यांचा १९८७ सालचा ‘नायकन’ त्याच्या आयुष्यावरून स्फुरलेला मानला जातो.

‘नायकन’ने निर्माण केलेली मुंबई पुढे तामीळ चित्रपटांत रूढ झाली. तेथे गरीब तामीळ माणूस जातो, अन्याय पाहतो आणि दादा होतो. ‘नायकन’ मात्र अखेरपर्यंत एक प्रश्न विचारीत राहतो, की हा माणूस चांगला की वाईट? ‘बाशा’ने तो प्रश्न बाजूला ठेवला. नायकाला मुंबईतून बाहेर काढून मद्रासच्या रिक्षात बसविले आणि हिंसेचा भाग ‘पूर्वी घडलेले’ म्हणून वेगळा केला. मुंबई हे पापाचे शहर आणि मद्रास हे प्रायश्चित्ताचे, अशी ती विभागणी होती. मराठी माणसाला ती खटकू शकेल. परंतु बाहेरगावचे लोक मुंबईकडे कसे पाहत होते, याची ती नोंदही आहे. २०१८ मधील पा. रंजित यांच्या ‘काला’त रजनीकांत पुन्हा मुंबईत आले, ते धारावीच्या जमिनीसाठी लढणाऱ्या वृद्ध पुढाऱ्याच्या भूमिकेत. समोर राजकीय सत्तेचे प्रतीक म्हणून नाना पाटेकर होते. तेवीस वर्षांत धारावी गुन्हेगारीच्या कथेतून जमिनीच्या हक्काच्या कथेत आली होती.

चित्रपटगृहाबाहेर

‘बाशा’चा परिणाम पडद्यापुरता राहिला नाही. जुलै १९९५ मध्ये मणिरत्नम यांच्या मद्रासमधील घरावर बॉम्ब फेकण्यात आला. त्यांचा ‘बॉम्बे’ हा मुंबईच्या दंगलीवरील चित्रपट त्यापूर्वी प्रदर्शित झाला होता. त्यानंतर ‘बाशा’च्या यशाप्रीत्यर्थ झालेल्या समारंभात रजनीकांत यांनी राज्यात बॉम्बसंस्कृती फोफावत असल्याची जाहीर टीका केली. व्यासपीठावर निर्माते वीरप्पन बसले होते आणि ते जयललिता मंत्रिमंडळात मंत्री होते. नायकाच्या भाषणाचा फटका निर्मात्याला बसला. वीरप्पन यांना मंत्रिपद गमवावे लागले.

मे १९९६ च्या निवडणुकीत रजनीकांत यांनी द्रमुक आणि जी. के. मूपनार यांच्या तमिळ मानिल काँग्रेसच्या आघाडीला उघड पाठिंबा दिला. जयललिता यांचा पक्ष धुळीस मिळाला, त्या स्वतःही बरगूर मतदारसंघात पराभूत झाल्या. त्या निकालामागे भ्रष्टाचाराचे आरोप आणि सरकारविरोधी लाट होती. सारे श्रेय एका नटाला देणे योग्य होणार नाही. तरीही पडद्यावरचा माणिक्कम प्रत्यक्षात ‘बाशा’ होऊन राज्य सुधारील, ही आशा तेव्हापासून चाहत्यांच्या मनात रुजली. ती दोन दशकांहून अधिक काळ जिवंत राहिली. ३१ डिसेंबर २०१७ रोजी रजनीकांत यांनी राजकारणात येण्याची घोषणा केली आणि डिसेंबर २०२० अखेरीस प्रकृतीच्या कारणास्तव पक्ष काढणार नसल्याचे जाहीर केले. पडद्यावरील तारणहाराची वाट पाहणाऱ्या मतदारांसाठी तो एका दीर्घ प्रतीक्षेचा शेवट होता.

बाशाचे वारसदार

‘बाशा’चा साचा दक्षिणेत सर्वत्र वापरला गेला. कन्नडमध्ये २००१ साली विष्णुवर्धन यांना घेऊन ‘कोटिगोब्बा’ या नावाने त्याची पुनर्निर्मिती झाली. तेलुगूत ‘समरसिंह रेड्डी’ (१९९९) आणि ‘इंद्रा’ (२००२) यांनी मुंबईच्या जागी रायलसीमेतील घराण्यांचे वैर आणले. ‘इंद्रा’तील चिरंजीवी तर काशीत टॅक्सी चालवितात. २००५ च्या पोंगलला आलेल्या ‘तिरुपाची’मध्ये विजय यांनी कोयते घडविणाऱ्या लोहारकुटुंबातील खेडूत तरुणाची भूमिका केली. बहीण लग्न होऊन चेन्नईला जाते, मित्र तेथील गुंडांच्या हातून मारला जातो आणि नायक शहरातील गुंडांचा एकेक करून निकाल लावतो. येथे दडविलेले पूर्वायुष्य नाही. गावात घडविलेला कोयता शहराचा कचरा साफ करतो, एवढे सरळ गणित आहे. गणित जितके सरळ झाले, तितका रक्तपात वाढला आणि त्याच्या किमतीचा विचार कमी होत गेला. २०२३ मध्येही रजनीकांत यांच्या ‘जेलर’मधील निवृत्त आजोबा आणि विजय यांच्या ‘लिओ’मधील उपाहारगृहाचा मालक हे दोघे याच वंशाचे होते. वरून निरुपद्रवी, आतून भयंकर.

या परंपरेत एक वेगळी वाट लोकेश कनगराज यांच्या ‘कैदी’ने दाखविली. ऑक्टोबर २०१९ मध्ये, दिवाळीला प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात ना नायिका आहे, ना गाणी. बहुतेक कथानक एका रात्रीत घडते. पोलिसांनी अमली पदार्थांचा प्रचंड साठा जप्त केला आहे. टोळीने मेजवानीतील पेयात विष कालवून पोलीस अधिकाऱ्यांना बेशुद्ध केले आहे. दहा वर्षांनी तुरुंगातून सुटून, कधीही न पाहिलेल्या मुलीला भेटायला निघालेल्या दिल्ली नावाच्या माणसाला, या अधिकाऱ्यांना मालमोटारीतून रुग्णालयात पोहोचवावे लागते. कार्ती यांनी रंगविलेला दिल्ली एकटा पन्नासांना पुरून उरतो. म्हणजे पुन्हा बाशाच.

परंतु त्याच रात्री दुसरीकडे, तिरुची येथील आयुक्तालयात आणखी एक लढाई चालू असते. तेथे नेपोलियन नावाचा एक उतारवयाचा पोलीस शिपाई आहे. बदली होऊन तो नुकताच आला आहे. टोळी चाल करून येणार हे कळल्यावर इमारतीत उरतात ते हा शिपाई आणि मद्यपान करून गाडी चालविल्याबद्दल आणलेले काही महाविद्यालयीन विद्यार्थी. जॉर्ज मेरियन यांनी साकारलेल्या या माणसाला कोणतेही दुसरे नाव नाही, गुप्त पूर्वायुष्य नाही, अचाट शक्ती नाही. त्याला मारामारी जमत नाही. निघून जाण्याची संधी असताना तो दारे-खिडक्या बंद करतो, टेबले-कपाटे आडवी लावतो, मुलांना धीर देतो आणि सकाळपर्यंत जागा सोडत नाही. तामीळ चित्रपटाने इतक्या वर्षांत संघटित गुन्हेगारीसमोर खरोखर सामान्य माणूस उभा केला असेल, तर तो हा आहे.

नेपोलियन जिंकतो तो त्याच्या चिकाटीमुळे आणि एकटा नसल्यामुळे. काही वेळापूर्वी त्याच्याच ताब्यात असलेली मुले त्याच्या सोबत उभी राहतात. टोळीचे भांडवल भीती असेल, तर तिचा पराभवही त्याच ठिकाणी होतो, जेथे चार माणसे एकत्र येऊन घाबरत घाबरत का होईना, दार उघडण्यास नकार देतात.

साक्षीदाराचे संरक्षण

प्रत्यक्ष जीवनात ही जबाबदारी व्यवस्थेने घ्यायची असते. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि कायदा होईपर्यंत ती देशभर बंधनकारक ठरविली. धोक्याच्या तीव्रतेनुसार साक्षीदारांचे तीन वर्ग करून त्यांना पोलीस सोबत देणे, दूरध्वनी क्रमांक बदलून देणे, घरी सुरक्षा साधने बसविणे असे उपाय त्यात आहेत. अत्यंत गंभीर प्रकरणांत साक्षीदाराची ओळख बदलण्याची आणि त्याला दुसऱ्या ठिकाणी वसविण्याचीही तरतूद आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही अशी योजना तयार करणे राज्यांवर सोपविले आहे.

ओळख बदलणे आणि दुसऱ्या शहरात नव्याने जगणे. माणिक्कमने १९९५ मध्ये पडद्यावर हेच केले होते, तेही कोणाच्या मदतीविना. अन्वरला ते मिळाले असते तर? जुलमाविरुद्ध बोलणाऱ्या तरुणाला पोलिसांचे संरक्षण मिळाले असते, त्याची साक्ष न्यायालयापर्यंत पोहोचली असती, तर ‘बाशा’ जन्मालाच आला नसता. चित्रपट तेथेच संपला असता आणि तो पाहायला कदाचित कोणी गेलेही नसते.

२०१७ मध्ये ‘बाशा’ची प्रत नव्याने संस्कारित होऊन पुन्हा पडद्यावर आली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी जन्मलेलीही नसलेली मुले त्यातील संवाद पडद्यासोबत म्हणत होती. करमणूक म्हणून त्या आनंदात खोट काढण्याचे कारण नाही. खांबाला बांधलेला माणूस बाशा असावा, ही इच्छा माणसाच्या मनातून जाणार नाही. मात्र गावोगावच्या वस्त्यांत असा मार खाणारे बहुतेक जण बाशा नसतात. ते साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’ असतात. त्यांना आपल्या खऱ्या नावाने न्यायालयात उभे राहून सुखरूप घरी परतता येईल, तेव्हा बाशाची गरज केवळ चित्रपटगृहापुरती उरेल.